कुंभारीच्या फाट्यावर रस्ता ओलांडणाऱ्यांच्या वतीने : जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

मी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. शहरातल्या एका कापड दुकानात हिशेब लिहायला जाते. रोज सकाळी फाट्यावर यायचं, अक्कलकोट रोडने शहरात जायचं आणि रात्री त्याच रस्त्याने परतायचं, असं गेली अनेक वर्षं चाललंय. माझी आई, आम्ही तिला अम्मा म्हणतो, विड्या वळते. वयाच्या दहाव्या वर्षापासून वळते. तिचा कारखाना अजून शहराच्या पूर्व भागातच आहे, त्यामुळे माल द्यायला तिलाही हाच रस्ता.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आधी सांगते, कारण या पत्राचं मूळ तिथं आहे.

त्या दिवशी माझी सुट्टी होती म्हणून मी अम्माबरोबर निघाले. बारीक पाऊस होता. तिच्या काखेत बुट्टी, बुट्टीत पंचवीस-पंचवीस विड्यांचे चाळीस कट्टे, म्हणजे पुरी एक हजार विडी, वर प्लास्टिकचा कागद गच्च खोचलेला. विडी भिजली की ती छाटमध्ये, म्हणजे नापास मालात जाते, म्हणून पावसात अम्मा स्वतःच्या डोक्यापेक्षा बुट्टी जास्त जपते. अर्धा रस्ता ओलांडून आम्ही दुभाजकाच्या फटीत उभ्या राहिलो. ती फट कोणी नकाशावर आखलेली नाही, लोकांच्या पायांनी पडलेली आहे. अम्मा म्हणाली, "थांब की, टँकर येऊलालाय." आम्ही थांबलो. तेवढ्यात दुभाजकाला खेटून, उलट्या बाजूने एक मोटारसायकल आली. गाडी वळवायची जागा लांब आहे म्हणून बरेच जण असेच येतात. अम्मा दचकून मागे सरली, पाय ओल्या कडेवरून घसरला, गुडघा दगडावर आपटला आणि बुट्टी हातातून सुटून डांबरावर गेली. टँकर बुट्टीवरून गेला.

अम्माला मोठं काही लागलं नाही. ती दुभाजकावर बसली, आणि गुडघ्याकडे बघायच्या आधी तिने उरलेले कट्टे मोजले. बावीस निघाले. बाकीचे काही चिरडले, काही पाण्यात. कारखान्यात पान आणि तंबाखू वजन करून देतात आणि त्या हिशेबाने विड्या मोजून घेतात. कमी भरलेल्या विड्यांचं पान-तंबाखू तिच्या मजुरीतून गेलं. दोन दिवसांचं काम होतं ते.

याची नोंद कुठेही नाही. पोलिसांत नाही, दवाखान्यात नाही, तुमच्या समितीपुढे येणाऱ्या तक्त्यात तर नाहीच. तुम्ही ज्याला ब्लॅक स्पॉट म्हणता त्याची केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची व्याख्या मी वाचली आहे. महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमेचे पाच अपघात व्हावे लागतात, किंवा दहा माणसं दगावावी लागतात. मग ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते, मग तिच्यासाठी उपाय आणि पैसा येतो. देशभरातल्या हजारो किलोमीटर रस्त्यांतून आधी कुठे लक्ष द्यायचं हे ठरवायला असा काही निकष लागतो, हे मला समजतं. पण आमच्या फाट्यावर माणसं रोज जीव मुठीत धरून, एकमेकींचा हात धरून रस्ता ओलांडतात म्हणून आकडा वाढत नाही, आणि आकडा वाढत नाही म्हणून तिथं काही होत नाही. लोकांच्या सावधपणाचा अर्थ कागदावर "जागा सुरक्षित आहे" असा निघतो. हे बदलावं एवढ्यासाठी मी लिहायला बसले.

हा रस्ता आमच्यासाठी काय आहे ते आधी सांगू द्या. पूर्वी तो राज्यमार्ग होता, आता राष्ट्रीय महामार्ग १५० ई आहे, सोलापूरहून अक्कलकोट, दुधनी, अफजलपूर करत कलबुर्गीला जातो. चौपदरी झाला तेव्हा आम्हालाही आनंद झाला होता. खड्ड्यांतून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून आम्हीच जात होतो. रात्री अपरात्री बाळंतिणीला सिव्हिलला न्यायचं म्हणजे काय असायचं ते वसाहतीतल्या कोणत्याही बाईला विचारा. स्वामी समर्थांच्या दर्शनाला गुरुवारी आणि पौर्णिमेला किती गाड्या जातात, किती जण पायी जातात, तेही आम्ही दारातून बघतो. रस्ता रुंद व्हायलाच हवा होता. माझं म्हणणं रुंदीबद्दल नाही. रुंद करताना तो फक्त इथून तिथे जाणाऱ्यांचा धरला गेला. इथेच राहणाऱ्यांचा, तो आडवा ओलांडणाऱ्यांचा हिशेब त्यात कमी पडला.

आणि इथे राहणारे थोडेथोडके नाहीत. गोदूताई वसाहतीत दहा हजार घरं. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगार बायांना मिळाली. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्याबरोबरच्या बायांनी त्यासाठी किती वर्षं मोर्चे काढले ते मी लहानपणी अम्माच्या पदराला धरून पाहिलं आहे. त्यानंतर रे नगर. तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिली. दोन्ही मिळून चाळीस हजार. सगळी घरं भरली आणि घरटी चारच माणसं धरली तरी एक लाख साठ हजार होतात. २०११ च्या जनगणनेत पंढरपूर शहराची लोकसंख्या लाखाच्या थोडी आत होती. म्हणजे पंढरपूरपेक्षा मोठं गाव या रस्त्याच्या कडेला वसतंय, आणि त्याला शहराशी जोडणारा मुख्य रस्ता हाच.

हे गाव कोणाचं आहे बघा. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे कामगार, शिलाई करणाऱ्या, कागद-काच वेचणाऱ्या. चारचाकी वसाहतीत किती सापडतील ते बोटांवर मोजता येईल. पूर्वीचं सोलापूर पायी चालणाऱ्यांचं होतं. मिलचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरात चाळ, चाळीपासून चालत बाजार. अम्मा साखर पेठेत भाड्याच्या खोलीत असताना तिचा कारखाना दोन गल्ल्या सोडून होता, माझी शाळा तीन. स्वतःचं पक्कं घर मिळायचं तर जागा शहराबाहेरच परवडणार होती, ते आम्ही समजून घेतलं आणि दहा-बारा किलोमीटर लांब आलो. पण काम शहरातच राहिलं. मंगळवार बाजार शहरातच राहिला. सिव्हिल, कोर्ट, कॉलेज, सोयरीक, सगळं शहरात राहिलं. त्यामुळे हा रस्ता म्हणजे आमची जुनी गल्लीच आहे, फक्त लांबवलेली. त्या गल्लीत आता ऐंशीच्या वेगाने ट्रक जातात.

वेगाचं एक साधं गणित मांडते, मी दिवसभर आकडेच लिहिते. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. अम्माच्या वयाची बाई, गुडघे दुखणारी, काखेत बुट्टी असलेली, एका बाजूचे दोन पदर आणि कडेची पट्टी ओलांडायला दहा सेकंद घेते. मी मोबाइलवर वेळ लावून बघितलंय. दहा सेकंदांत ती गाडी सव्वादोनशे मीटर पुढे येते. म्हणजे पाऊल टाकताना अम्माला सव्वादोनशे मीटरवरची गाडी दिसायला हवी आणि तिचा वेगही कळायला हवा. डिसेंबरात साडेसहाला अंधार पडतो. समोरून फक्त दोन दिवे दिसतात. ते किती लांब आहेत आणि किती जोरात येताहेत हे चांगल्या डोळ्यांनासुद्धा ओळखता येत नाही, आणि अम्माचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. हा केंद्र सरकारचाच अहवाल. दर पाचामागे जवळजवळ एक. या माणसांनी लायसन्स काढलं नव्हतं, वेग वाढवला नव्हता, ती फक्त कुठून तरी घरी निघाली होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पदपथावरून निर्धोक चालता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. एमआयडीसीपासून कुंभारीपर्यंत एकदा चालत या, आणि सलग पदपथ कुठे लागतो ते मला दाखवा.

आता मुख्य अडचणीकडे येते. गेल्या वर्षी मी वसाहतीतल्या चार बायांना घेऊन कचेऱ्या फिरले. कोणत्या ते लिहीत नाही, कारण समोर बसलेली माणसं वाईट नव्हती, एका ठिकाणी तर आम्हाला चहा दिला. पण उत्तरं अशी होती : रस्ता आमच्याकडे नाही, महामार्गवाल्यांकडे आहे. महामार्ग आमच्याकडे आहे, पण दिवे स्थानिक संस्थेने लावायचे. स्थानिक संस्था म्हणजे ग्रामपंचायत, तिच्याकडे वीजबिल भरायला पैसे नाहीत. महापालिकेची हद्द अलीकडेच संपते. शहर पोलिसांची हद्दही संपते, फाटा वळसंग पोलीस ठाण्याकडे. बस महापालिकेची, पण बसथांबा महामार्गाच्या जागेत, तिथे शेड घालायला परवानगी लागते. आणि यात गंमत नाही, दुःख आहे, की शेजारच्या रे नगरची घरं ज्या प्रधानमंत्री आवास योजनेतून झाली ती शहरी योजना आहे. घर शहरी, पत्ता ग्रामपंचायतीचा, रस्ता केंद्राचा. यातला प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर बोलत होता. पण त्या चार बायांची मजुरी बुडाली आणि फाट्यावर एक दिवासुद्धा लागला नाही.

म्हणूनच हे पत्र एकेका कचेरीला न लिहिता तुमच्या समितीला लिहिते. जिल्हाधिकारी, शहराचे आणि ग्रामीणचे पोलीस, महामार्ग, बांधकाम, परिवहन, महापालिका, आरोग्य, हे सगळे विभाग एका टेबलाभोवती येतात अशी ही जागा आहे. या टेबलावर "आमच्याकडे नाही" असं म्हणायला शेजारच्या खुर्चीकडेच बोट दाखवावं लागेल, आणि तिथे माणूस बसलेला असेल.

फाट्यावर पादचारी पूल बांधू, असं एकदा तोंडी ऐकायला मिळालं होतं. त्याबद्दल कळकळीने सांगते : पूल बांधू नका. विडी वळणारी बाई मांडी घालून, पुढे सुपडी घेऊन दिवसाचे आठ-दहा तास बसते. पन्नाशी येईपर्यंत तिचे गुडघे आणि कंबर जातात. महामार्गावरचा पूल म्हणजे मोठी वाहने खालून जावीत एवढा उंच, चढायला तीस-चाळीस पायऱ्या आणि उतरायला तेवढ्याच. बुट्टी घेऊन अम्मा ते चढणार नाही. ती खालून, दुभाजकाच्या फटीतूनच जाईल, आणि मग अपघात झाला तर चूक तिची ठरेल, पूल असताना वापरला नाही म्हणून. जमिनीच्या पातळीवर सिग्नल हवा, पायी जाणाऱ्यांसाठी वेगळा हिरवा दिवा असलेला. दुभाजकात दहा-वीस माणसं आणि एखादी हातगाडी नीट उभी राहील एवढी रुंद, कठडा असलेली थांबायची जागा हवी. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालता येत नाहीत असं आम्हाला सांगितलं गेलं. ठीक आहे. मग वस्तीच्या टप्प्यात वेगमर्यादा कमी करा, ती लिहिलेली पाटी लांबून दिसेल अशी लावा, आणि ती मोडणाऱ्याला कॅमेऱ्याने दंड होऊ द्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिथे वाहने आणि पायी माणसं एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटर हा वेग असावा. अक्कलकोटला जाणाऱ्याचा अशा दोन-तीन किलोमीटरच्या टप्प्यात जादा वेळ पाच मिनिटांपेक्षा जास्त जाणार नाही.

कोणी म्हणेल महामार्ग आहे, वाहतूक अडवता येत नाही. सोलापूरकराला हे पटवणं अवघड आहे. दर संक्रांतीच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. त्या दिवशी या शहराचे मुख्य रस्ते पायी चालणाऱ्यांच्या हवाली होतात. वर लोंबणाऱ्या तारांची काळजी घेतली जाते, पोलीस कडेला उभे राहतात, ज्याला गाडीने जायचं तो वळसा घालतो आणि कोणी कुरकुर करत नाही. हे शहर चालणाऱ्या माणसाला वाट करून द्यायला शेकडो वर्षं शिकलेलं आहे. फाट्यावर आम्हाला एका वेळी तीस सेकंद हवेत.

बसबद्दल थोडं. रस्ता ओलांडण्याचा अर्धा त्रास बस वेळेवर असली तर कमी होतो, कारण मग माणसं रस्त्यात शिरून रिक्षा थांबवत नाहीत. सोलापूर महापालिकेच्या परिवहनची हालत काय झाली ते सगळं शहर जाणतं. केंद्राच्या योजनेतून आलेल्या नव्या गाड्यांच्या चॅसीला तडे गेले आणि त्या डेपोत उभ्या राहिल्या. त्या सुरू होत्या तेव्हा मी बसचा पास काढून कॉलेज केलं. आता केंद्राच्या पीएम ई-बस योजनेत, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या योजनेत, सोलापूरचं नाव आहे. त्या गाड्या रस्त्यावर धावतील तेव्हा त्यांच्या मार्गांत गोदूताई आणि रे नगर पहिल्या यादीत असावेत. दुकानं रात्री नऊला मिटतात, म्हणून शेवटची गाडी साडेनऊच्या आत सुटू नये. आणि थांबा फाट्याच्या दोन्ही अंगांना, रस्त्यापासून आत घेतलेला, वर पत्रा आणि खाली दिवा असलेला असावा. पावसात विडीची बुट्टी झाकायला बाईला आपल्या पदराशिवाय काही नसतं.

शहराच्या हद्दीतल्या टप्प्याबद्दल मी कमी लिहिलं, कारण त्याबद्दल बोलणारे शहरात पुष्कळ आहेत. तरी एवढं सांगते : एमआयडीसीतली पाळी सुटते तेव्हा सायकलवाले आणि चालणारे कामगार शेकड्याने याच रस्त्यावर येतात, आणि मल्लिकार्जुन नगर, गांधीनगरपर्यंत कडेची पट्टी उभ्या ट्रकांनी भरलेली असते. माणूस मग ट्रकाला वळसा घालून धावत्या वाहनांच्या पदरात उतरतो. तिथे नवं काही बांधायचं नाही, फक्त उभ्या गाड्या हलवायच्या आहेत.

दिव्याची मागणी मात्र सगळ्यात आधी घ्यावी, ही विनंती. सिग्नलला मंजुरी, अंदाजपत्रक, निविदा लागेल, त्याला महिने जातील हे मी समजू शकते. फाट्यावर एक उंच दिवा उभा करायला तेवढा वेळ लागू नये. बिल कोणी भरायचं ते तुम्ही बैठकीत ठरवा. ठरेपर्यंत वसाहतीतून वर्गणी काढून भरायची आमची तयारी आहे. बचत गटातल्या बायांशी मी बोलले आहे, त्या तयार आहेत. ही लाजेची गोष्ट आम्हाला वाटत नाही. घरासाठीसुद्धा आम्ही विडीच्या मजुरीतून हप्ते भरले होते.

आणि ब्लॅक स्पॉट ठरवताना एक बदल करता आला तर बघा. ज्या जागी लोक रोज मोठ्या संख्येने रस्ता ओलांडतात ती जागा, तिथे अजून कोणी मेलं नसलं तरी, तुमच्या यादीत यावी. मोजणी आम्ही करून देऊ. वसाहतीत दहावी-बारावीची भरपूर मुलं आहेत, सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ, आठवडाभर बसून वहीत रेघा मारतील. तुमच्या विभागाचा एक माणूस शेजारी बसावा, म्हणजे आकडे खरे आहेत की नाही हा प्रश्न उरणार नाही.

समितीची पुढची बैठक कधी आहे ते कळवावं. मी त्या दिवसाची सुट्टी टाकून येईन. अम्मा पण येते म्हणाली आहे, फुटक्या कट्ट्यांतली एक चिरडलेली विडी तिने अजून डब्यात ठेवली आहे, ती घेऊन. बैठक वरच्या मजल्यावर असेल तर तेवढं आधी सांगा, तिला पायऱ्या चढवत नाहीत.

आपली नम्र,
गोदूताई परुळेकर वसाहतीतली एक रहिवासी,
कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर